स्टॅम्पपेपरवर सही करू का?

*"नमस्कार काका. माझे मिस्टर (वय २६) चाकणजवळ एका कंपनीत ठेकेदाराकडून पॉवर प्रेसवर कामाला होते. चौदा महिने झाले होते. घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात सेकंड शिफ्टला त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, मुळापासून गेली. कंपनीने खासगी दवाखान्यात नेलं, बिल भरलं. पण तिथे ठेकेदाराच्या माणसाने 'घरी लोखंडी दारात हात सापडला' असं लिहून दिलं आणि मिस्टरांचा डावा अंगठा एका कोऱ्या कागदावर घेतला. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला ११७ रुपये ईएसआय कापलेले दिसतात, कार्ड मात्र कधी दिलं नाही. आता ठेकेदार स्टॅम्पपेपर ठेवून गेलाय. चाळीस हजार घ्या, यापुढे कंपनीवर आमचा कसलाही दावा नाही, असं त्यात लिहिलंय. रविवारी सही घ्यायला येणार आहे. मिस्टर म्हणतात, 'हात मी घातला, माझीच चूक, कशाला भांडायचं.' ते कुणाशी बोलत नाहीत, हात सारखा टॉवेलाखाली झाकून ठेवतात. मुलगी चार वर्षांची आहे. सही करू द्यावी का?"*
*— एक ताई, म्हाळुंगे*

ताई, सही करू देऊ नका. रविवारच्या आत तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहिलं. बाकीचं सावकाश वाचा, आणि जमलं तर त्यांना शेजारी बसवून वाचा. कारण माझ्या मते तुमच्या घरातली मोठी अडचण तो स्टॅम्पपेपर नाही, 'माझीच चूक' हे त्यांचं वाक्य आहे. ठेकेदाराच्या खिशातलं सगळ्यात भारी हत्यार तेच आहे.

वकिलीत येण्याआधी मी सहा वर्षं भोसरीत एका टूलरूमला होतो. प्रेसशॉप आमच्या भिंतीपलीकडेच. जुना मेकॅनिकल प्रेस कसा चालतो ते त्यांना ठाऊक आहे, तुमच्यासाठी सांगतो. मोटर एक जड चाक सतत फिरवत ठेवते. पायाने पेडल दाबलं की क्लचची चावी त्या चाकात बसते, रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली येतो, पत्र्याला आकार देतो, वर जातो आणि थांबतो. म्हणजे थांबायला हवा. चावी झिजली, स्प्रिंग तुटली किंवा ब्रेकचा पट्टा सैल पडला, तर पेडलवर पाय नसतानाही तो दुसऱ्यांदा खाली येतो. आमच्याकडे याला 'डबल मारला' म्हणत. आणि एकदा चावी बसली की अशा प्रेसला अर्ध्यावर थांबवता येत नाही. म्हणून त्याच्यासमोर नुसता सेन्सर टांगून भागत नाही. डायपर्यंत (खालच्या साच्यापर्यंत) हात पोचूच नये असं पक्कं गार्ड लागतं, किंवा जॉब, म्हणजे तयार झालेला पार्ट, उचलायला चिमटा, चुंबक असलं काहीतरी द्यावं लागतं.

आता त्यांना एवढंच विचारा : डायमधून जॉब काढायला हाताशिवाय दुसरं काही दिलं होतं का? चिमट्याने काम केलं असतं तर तासाचं टार्गेट पुरं झालं असतं का? दसरा-दिवाळीच्या तोंडावर गाड्यांची मागणी वाढली की पार्ट पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांत टार्गेट कसं चढतं ते सगळ्या चाकणला माहीत आहे. हात घातल्याशिवाय जॉब निघतच नसेल, तर हात घालणं ही चूक कशी? तिथली कामाची पद्धतच ती होती. ती पद्धत त्यांनी ठरवलेली नव्हती.

आणि समजा, खरंच थोडी चूक झाली असेल. तरी ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, कायद्यात त्याने फरक पडत नाही. कामाच्या वेळेत, कामावर झालेला अपघात हा कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. तसं नाही म्हणणाऱ्याने पुरावा आणायचा (कलम ५१-ए). मालकाच्याच कामासाठी हात चालत असताना एखादा नियम मोडला गेला, तरी तो कामावरचाच अपघात राहतो (५१-बी). चूक कुणाची हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. तो फक्त तुमच्या घरात विचारला जातोय, आणि तोही जखमी माणूस स्वतःला विचारतोय.

आता त्या ११७ रुपयांकडे येऊ. कामगाराच्या पगारातून ईएसआयसाठी पाऊण टक्का कापतात. ११७ रुपये म्हणजे पगार १५,६०० धरलाय. मालकाने त्यात आपले सव्वातीन टक्के, म्हणजे ५०७ रुपये, घालून भरायचे असतात. महिना २१,००० पर्यंत पगार असलेला कामगार यात येतो. ठेकेदाराचा असला तरी येतो, आणि ठेकेदाराने नाही भरलं तर पैसे भरायची जबाबदारी मूळ कंपनीवर असते. कार्ड हातात नाही म्हणजे विमा नाही, असं मुळीच नाही. मालकाने एक रुपया भरला नसला तरी कामगाराचा हक्क बुडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये स्पष्ट केलंय. अशा वेळी ईएसआयचं महामंडळ कामगाराला लाभ देतं आणि नंतर मालकाकडून वसूल करतं. पगारातून कापून न भरणं हा तर वेगळा गुन्हा. तेव्हा त्या स्लिपा जपून ठेवा, त्या कार्डाहून कमी नाहीत.

कार्ड अपघातानंतरच हातात पडणं ही तुमच्या एकट्याची गोष्ट नाही. हरियाणात मानेसर-फरिदाबादकडे 'सेफ इन इंडिया' नावाची संस्था वाहन-पार्टच्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांसोबत काम करते आणि २०१९ पासून दरवर्षी त्याचा अहवाल काढते. तिथेही हेच दिसतं : सगळ्यात जास्त बोटं पॉवर प्रेसवर जातात, जखमी माणसाची सरासरी दोन बोटं जातात, आणि बहुतेकांना ईएसआयचं कार्ड मिळतं ते अपघात झाल्यावर.

हिशेब करून बघू. १५,६०० ला २६ दिवसांनी भागलं तर रोज ६०० रुपये. जखम बरी होऊन कामावर जाता येईपर्यंत ईएसआय रोजाच्या ९० टक्के, म्हणजे ५४० रुपये देतं, रविवार धरून. त्यासाठी किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत. कामाच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी मिळतं. अपघाताला आता सत्तरेक दिवस झाले. सत्तर गुणिले ५४०, म्हणजे ३७,८००. ठेकेदाराचे चाळीस हजार इथेच जवळपास संपले. आणि हे नुसतं आजवरचं.

पुढचं कायमचं आहे. कायद्यात एक तक्ता आहे, कुठलं बोट गेलं की कमाईची ताकद किती टक्के गेली असं सांगणारा. अंगठा ३०, अंगठ्याशेजारचं पूर्ण बोट १४, मधलं १२, करंगळी ७, पूर्ण पंजा ६०. इतकी वर्षं हा तक्ता वापरतोय, पण अजून तो उघडताना कसंतरीच होतं. खाटकाच्या दुकानातल्या भावफलकासारखा वाटतो. १४ आणि १२ यांची बेरीज २६ होते, पण एका हाताची दोन बोटं गेली तर तक्ता २० म्हणतो. हा हिशेब मला आजतागायत पटलेला नाही. असो. २० टक्के धरले तर ५४० च्या वीस टक्के, रोज १०८ रुपये, महिन्याला ३,२४० च्या आसपास. हयात असेपर्यंत. वेळोवेळी थोडी वाढही होते. आणि हे नीट ऐका : त्यांनी उद्या दुसरीकडे नोकरी धरली, आजच्यापेक्षा जास्त कमावलं, तरी ही रक्कम थांबत नाही. वर्षाचे झाले ३८,८८०. म्हणजे ठेकेदार एका वर्षाचे पैसे देऊन २६ वर्षांच्या माणसाचं उरलेलं सगळं आयुष्य लिहून मागतोय.

खरी गंमत पुढे आहे. कामगार ईएसआयमध्ये येत असेल तर अपघाताची वेगळी भरपाई मालकाकडून मागता येत नाही (कलम ५३). ती जबाबदारी महामंडळाची. मग ठेकेदार चाळीस हजार कशाचे देतोय? तुमच्या गप्प बसण्याचे. अपघाताची नोंद झाली की वर्गणीचा हिशेब निघेल, प्रेसला गार्ड का नव्हतं म्हणून फॅक्टरी इन्स्पेक्टर येईल, पोलीस विचारतील. ते सगळं चाळीस हजारांत मिटतंय.

तपासात वेगळंच निघालं, म्हणजे ती कंपनी ईएसआयमध्ये येतच नाही असं झालं, तर १९२३ चा भरपाईचा कायदा लागू होतो. तिथला हिशेब असा : पगाराची कमाल मर्यादा १५,०००, त्याचे ६० टक्के ९,०००, त्याला वय २६ चा गुणक २१५.२८, आणि त्याचे २० टक्के. येतात ३,८७,५०४ रुपये. महिनाभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि निम्म्यापर्यंत दंड. दावा दोन वर्षांच्या आत लेबर कोर्टात करायचा. तिथे टक्केवारी तक्त्यापाशी अडत नाही. डावा हात कोपराच्या वर तुटलेल्या एका सुताराला सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्ये शंभर टक्के नुकसान धरून भरपाई दिली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. आणि त्या कायद्यात हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्दबातल ठरतो, तो कितीही रुपयांच्या स्टॅम्पवर असो.

(अधूनमधून कुणीतरी सांगेल की कायदे बदलले. खरं आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून मी जुन्याच कायद्यांची नावं घेतोय. 'आता जुनं काही चालत नाही' म्हणून कुणी परत पाठवायला लागलं तर हलू नका.)

आता दवाखान्यातला तो कागद. 'घरी दारात हात सापडला.' ही ओळ मी इतक्या केसपेपरांवर वाचलीय की चाकण पट्ट्यातली लोखंडी दारं प्रेसपेक्षा घातक म्हणायची वेळ आलीय. घाबरू नका, ती खोडता येते, फक्त उशीर नको. त्या दिवशीची हजेरी, कोण उचलून घेऊन गेलं त्यांची नावं, ठेकेदाराचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज, दवाखान्याचं बिल कंपनीने भरलं त्याची पावती, असं सगळं एका पिशवीत गोळा करा. सेकंड शिफ्टला कारखान्यात हजेरी लागलेल्या माणसाचा हात घरच्या दारात कसा सापडेल?

मग एक साधं पत्र लिहा, मराठीतच. तारीख, वेळ, मशीन, काय झालं, कोण हजर होतं. दवाखान्यात चुकीची माहिती ठेकेदाराच्या माणसाने दिली, आणि जखमी अवस्थेत कोऱ्या कागदावर डावा अंगठा घेतला, तो कागद कशासाठीही वापरला तर आम्हाला मान्य नाही, हे त्यात आलंच पाहिजे. हे पत्र कंपनीला आणि ठेकेदाराला स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. एक प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयात, तिथे आपल्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. एक पोलीस ठाण्यात. एक त्या दवाखान्याला, नोंद दुरुस्त करा म्हणून. एक पुण्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, ज्याला आपण फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस म्हणतो. या शेवटच्या प्रतीने तुम्हाला पैसे मिळतील असं नाही. पण त्या प्रेसवर आज दुसरं कुणीतरी बसलंय.

शाखा कार्यालयात आधार कार्ड आणि स्लिपा दाखवून विमा क्रमांक निघालाय का ते विचारा, तो दहा आकडी असतो. अपघाताचा अहवाल, फॉर्म १२, मालकाने पाठवायचा असतो, आणि अवयव गेला असेल तर लगेच. त्याने पाठवला नाही हे तुमच्या पत्रात लिहिलेलं असलं की पुढचं ऑफिसने बघायचं. तारखेवर लक्ष ठेवा. आता नवीन नोंदणी करून अपघाताची तारीख पुढची टाकायची हा जुना डाव आहे. तुमच्या पत्रातली तारीख आणि दवाखान्यात भरती केल्याची तारीख एकच हवी.

आणि या आठवड्यात त्यांना ईएसआयच्या दवाखान्यात न्याच. रोजचे ५४० रुपये त्या डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर मिळतात, खासगी दवाखान्याच्या नाही. मागच्या दिवसांसाठी खासगी कागद जोडून अर्ज करता येतो, पण तिथे जरा चिवटपणा लागेल. खिडकीवरचा माणूस 'बघू' म्हणाला तर अर्ज आवक-जावकला द्या आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा. अडलं तर महामंडळाचा मोफत क्रमांक १८००-११-२५२६. हातासाठी पुढचे उपचार, फिजिओथेरपी चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलमधून सुरू करता येतील.

शेवटचं फिटनेस सर्टिफिकेट मिळालं की वर्षभराच्या आत मेडिकल बोर्डासाठी अर्ज करायचा, अपंगत्वाचे टक्के तेच ठरवतं. बोर्डासमोर कामगार एक घोटाळा हमखास करतात. डॉक्टर विचारतात "कसं आहे?" आणि हे म्हणतात "बरं आहे साहेब." बरं नाहीये! अनामिका पूर्ण मिटत नसेल तर दाखवायचं. स्क्रूड्रायव्हर धरता येत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, थंडीत कळ येते, हे सगळं तोंडाने सांगायचं. उरलेल्या बोटांचा ताठरपणा तक्त्यात नसतो, बोर्ड त्याचा वेगळा विचार करू शकतं, पण सांगितलं तरच. टक्के कमी वाटले तर तीन महिन्यांत अपील.

नोकरीचं खरं सांगतो, गोड नाही. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू आहे तोवर त्यांना कामावरून काढता येत नाही, तशी नोटीस दिली तरी ती बेकायदा (ईएसआय कायदा, कलम ७३). पण त्यानंतर खासगी कंपनीने हलकं काम द्यायलाच हवं असं सरळ सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. कंपनी स्टोअरला किंवा क्वालिटीला घ्यायला तयार असेल तर लेखी घ्या आणि जरूर जा. तोंडी 'बघू, येऊ द्या' यावर घर चालवू नका. कोर्टात जायची वेळ आली तर वकिलाच्या फीचं दडपण नको : शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, औद्योगिक कामगाराला आणि बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आता टॉवेलाचं. गेलेलं बोट खाजतं, दुखतं, कधी कधी ते अजून आहे आणि आवळून धरलंय असं वाटतं. हे कित्येकांना होतं. त्यांना कुणी सांगितलं नसेल तर ते मनातल्या मनात 'मला वेड लागलं' म्हणत बसले असतील. तुम्ही आपणहून विचारा, "खाजतं का हो ते?" टॉवेलाखाली झाकलेला हात आणखी हळवा होतो आणि उरलेली बोटं आखडतात. टाके पूर्ण भरले असतील आणि डॉक्टर हो म्हणाले तर परातीत तांदूळ घ्या, त्यात हात घालून रोज दहा मिनिटं मूठ उघडायची, मिटायची. हाताच्या फिजिओथेरपीत हे करून घेतात. मुलीला शेजारी बसवा आणि तांदळात चार राजमे लपवा, बाबांनी शोधायचे. मुलं एकदा विचारतात बोटं कुठे गेली, उत्तर मिळालं की खेळायला लागतात. झोप येत नसेल, जगण्यात राम नाही असं काही बोलत असतील, तर १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. लाजायचं काही नाही.

राहिला रविवार. ठेकेदार आला तर भांडू नका, चहा करा. "गावी सासऱ्यांना विचारतोय" एवढंच सांगा. पैसे ठेवून जातो म्हणाला तर घेऊ नका, नोटा मोजताना फोटो काढतात. आणि तो स्टॅम्पपेपर परत द्यायच्या आधी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून ठेवा, स्टॅम्पचा नंबर नीट दिसेल असे. त्याने स्वतःच टाईप करून आणलेला कागद आहे, आणि बोटं कंपनीच्या प्रेसमध्ये गेल्याचं अशा कागदाच्या पहिल्याच परिच्छेदात बहुतेक लिहिलेलं असतं. लोखंडी दार त्यात कुठे आहे का, ते आज रात्रीच वाचून बघा.